बाईंना दिसतं

डोळ्यांवर पट्टी बांधायचा तास मी तिसरीच्या वर्गात बावीस वर्षं घेतला. निवृत्त झाल्यावरही त्या तासासाठी आणि आठवड्यातल्या चार वाचनाच्या तासांसाठी शाळा मला बोलवायची. पट्ट्या माझ्या स्वतःच्या होत्या, जुन्या काळ्या पडद्याच्या कापलेल्या, कडा दुमडून शिवलेल्या. मुलांच्या जोड्या करायच्या, एकाने पट्टी बांधायची, दुसऱ्याने त्याला दप्तरापासून फळ्यापर्यंत न्यायचं. मुलं धडपडायची, खिदळायची, एखादं घाबरून रडायचंही. मग पट्ट्या सोडायला लावून मी विचारायचो, "आता कळलं ना, दिसत नाही म्हणजे काय ते?" वर्ग एका सुरात ओरडायचा, "हो सर!" त्या "हो सर"वर मी खूश असायचो.

यंदाचा तो तास झाल्यावर मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, मला बोलावून सांगितलं, "सर, हा विषय ज्यांना स्वतःला दिसत नाही अशांनीच शिकवावा असं मला वाटतं. एक बाई येताहेत, तिसरीला रोज एक तास घेतील. महिनाभर बघू. जमलं तर वर्षभर ठेवू. तुम्ही वर्गात बसा, त्यांना मदत करा."

"अवश्य," मी म्हणालो. मनातून मात्र मला ते लागलं.

नव्या बाई आल्या. पस्तिशीच्या असाव्यात. केस आखूड, बोलणं खणखणीत, हातात पांढरी काठी. वर्गात येऊन त्यांनी काठीची घडी केली, ती टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "मला दिसत नाही. काय विचारायचं ते विचारा."

पहिलाच प्रश्न आला तो 'रेडिओ'कडून. या मुलाला ऐकलेली कुठलीही गोष्ट तासाभरात शाळाभर पोचवायची सवय होती, म्हणून ते नाव. "बाई, जेवताना घास नाकात जातो का?"

"अजून तरी नाही गेला. तुझा जातो?"

वर्ग जो हसला, तो घंटा होईपर्यंत हसतच राहिला. बाईंनी टेबल ते फळा, फळा ते खिडकी अशी पावलं मोजून घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून वर्गात त्या काठीशिवाय फिरू लागल्या. मुलं त्यांच्यावर लट्टू होती. हे किती दिवस टिकलं? चार दिवस.

पाचव्या दिवशी मधल्या सुट्टीत रेडिओ धापा टाकत माझ्याकडे आला. "सर, बाई मोबाईलमध्ये बघून हसत होत्या."

"ऐकत असतील रे. त्यांचा मोबाईल बोलतो."

"नाही सर. बघत होत्या. असं धरून." त्याने तळहात डोळ्यांसमोर धरून दाखवला.

त्याच्या मागे वकीलीण उभी होती. ही मुलगी प्रत्येक गोष्टीवर "पण का?" विचारायची. तिची आई औषधांच्या दुकानात काम करायची. तिथे गोळीच्या पाकिटावरची तारीख दोनदा वाचल्याशिवाय काही हातातून सुटत नाही. लेकीने तीच चिकाटी घेतलेली. तिने माझ्यापुढे एक पातळ वही धरली. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: पुरावे.

"मंगळवार. बाईंनी फळ्याच्या कोपऱ्यातली तारीख वाचली. म्हणाल्या, ही कालची आहे. बुधवार. दारातल्या बादलीला धडकल्या, नाटक. गुरुवार. माझ्या पेन्सिलवरचं नाव वाचलं. शुक्रवार. रेडिओने शेजारी उभं राहून जीभ काढून दाखवली, काही बोलल्या नाहीत, नाटक."

"जीभ का काढलीस?" मी रेडिओला विचारलं.

"पुरावा पाहिजे होता सर."

त्याच क्षणी ती वही काढून घ्यायला हवी होती. पण आयुष्यभर मुलांना वाचायला-लिहायला शिकवलेला माणूस मी. आठ वर्षांची मुलगी वार घालून निरीक्षणं लिहिते हे पाहून मला शिकवण्याचा मोह झाला. मी म्हणालो, "'नाटक' हे तू पाहिलंस की तुला वाटलं?"

तिने वहीत पाहिलं. "वाटलं."

"मग ते खोड. पाहिलं तेवढंच लिही. बाई कुठे उभ्या होत्या, वस्तू कुठे होती, तेही लिही. नाहीतर या वहीला कुणी विचारणार नाही."

तिने तिथल्या तिथे दोन्ही 'नाटक' खोडले. मी स्वतःची समजूत घातली की मी तिला शंका काबूत ठेवायला शिकवतोय. खरं म्हणजे मला वहीत पुढे काय येतं याची उत्सुकता होती. माझा तास ज्या बाईंकडे गेला होता त्या खोट्या निघाल्या असत्या, तर मला वाईट वाटलं असतं असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

पुढच्या आठवड्यात मी स्वतःच साक्षीदार झालो. शिक्षकांच्या खोलीत कुणी नव्हतं. पहिलीतल्या एका मुलाच्या सदऱ्याचं बटण तुटलं होतं आणि नव्या बाई खिडकीपाशी बसून ते लावत होत्या. मी दारातच थबकलो. त्यांनी सुई उजेडात धरली, दोऱ्याचं टोक ओठांनी ओलं केलं आणि एका झटक्यात ओवलं. मला चष्मा लावूनही सुई ओवता येत नाही. घरी सूनबाई ओवून देते तेव्हा कुठे मी बटण लावतो.

मी तसाच मागे फिरलो. मनात शंकेची पाल चुकचुकली म्हणतात ना, तसं नव्हतं. ती पाल आता भिंतभर पळत होती. काठी टेकत येणारी बाई सुई ओवते. मग ती काठी कशाला? सहानुभूतीसाठी? नोकरीसाठी? आणि आम्ही आमच्या मुलांना काय शिकवत होतो, फसायला?

त्यानंतर त्यांनी काहीही केलं तरी मला त्यात डाव दिसू लागला. त्या माझ्या नमस्काराला उत्तर द्यायच्या नाहीत, तेव्हा वाटायचं, मुद्दाम. उत्तर द्यायच्या, तेव्हा वाटायचं, आता सापडल्या. जिन्यावर कठडा चाचपत उतरायच्या, तर मी मागून त्यांच्या पावलांकडे बघत राहायचो. बिनचूक पडणारं पाऊलही संशयास्पद आणि चुकलेलं त्याहून जास्त.

आणखी एका आठवड्याने, शनिवारी, वकीलीणीची आई मोठ्या बाईंना भेटायला आली. वही तिच्या हाती लागली होती.

मोठ्या बाईंनी मला बोलावलं. "त्या आईचं म्हणणं आहे की बाई ढोंग करताहेत. आणखी चार घरांत हेच चाललंय. महिना पुढच्या शुक्रवारी संपतो. त्या दिवशी त्या आईला बोलावलंय. सर, तुम्ही रोज वर्गात असता. तुम्ही जे सांगाल त्यावर मी ठरवीन."

"माझ्यावर नको."

"तुमच्यावर नाही तर कुणावर? या शाळेत तुमच्या शब्दाला किंमत आहे." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "इथे येण्याआधी तीन शाळांनी त्यांना नाही म्हटलंय. इथूनही ढोंगी म्हणून गेल्या, तर पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही. तेव्हा नीट खात्री करून सांगा."

खात्री करून. हे दोन शब्द मी घरी नेले आणि रविवारभर घोळवले. सोमवारी वर्ग भरायच्या आधी मी जे केलं, ते सांगताना आजही माझी मान खाली जाते. वर्गातली कचऱ्याची लोखंडी टोपली खिडकीखाली असायची. ती मी उचलली आणि टेबल ते फळा या वाटेवर, टेबलाच्या कडेला ठेवली. दिसत असेल तर वळसा घालतील, मी स्वतःला सांगितलं.

बाई आल्या. काठीची घडी केली, टेबलावर ठेवली, हसत काहीतरी म्हणाल्या आणि फळ्याकडे निघाल्या. तिसऱ्या पावलाला टोपलीची धार त्यांच्या नडगीत घुसली आणि त्या हातांवर पडल्या. पेन्सिलींची सालं, कागदाचे बोळे जमिनीभर झाले. बाई उठल्या, नडगीवरून हात फिरवला, बोटांना लागलेलं रक्त डोळ्यांसमोर धरून पाहिलं. पाहिलं! मागच्या बाकावरून रेडिओ कुजबुजला, "मुद्दाम पडल्या."

आणि माझ्याही मनात, क्षणभर का होईना, तेच आलं. टोपली मी ठेवली होती, रक्त समोर होतं आणि तरी तेच आलं. मग मात्र मला स्वतःचीच भीती वाटली. पडली तर नाटक, न पडली तर लबाडी. मग ही बाई खरी आहे हे मला कशाने पटलं असतं?

मी मलमपट्टीची पेटी आणली. बाई म्हणाल्या, "राहू द्या सर. टोपली कुणी हलवली?" कुणी बोललं नाही. मीही नाही.

बुधवारी शाळा सुटल्यावर वकीलीणीची आई यायला उशीर झाला. वकीलीण वर्गात दप्तर मांडीवर घेऊन बसली होती.

"वही आहे का?" मी विचारलं.

"आईने परत दिली. पण का सर?"

"मला खरं काय ते अजून कळलेलं नाही. तुला कळलंय?"

"बाई खोटं बोलतात."

"तो निकाल झाला. आधी पुरावे लावून बघू. दिसलं ते एका बाजूला, दिसलं नाही ते दुसऱ्या बाजूला."

तिने वहीतली पानं फाडायला साफ नकार दिला. मग आम्ही कोऱ्या कागदाच्या पट्ट्या केल्या, तिने त्यांवर एकेक पुरावा उतरवला आणि बाकावर दोन रांगा लावल्या. एकीकडे मोबाईल, फळ्यावरची तारीख, पेन्सिलवरचं नाव, आणि मी सांगितलेली सुई. दुसरीकडे बादली, जीभ, टोपली, जिन्याची शेवटची पायरी, दारातून वाकून हात हलवणारा शिपाई.

तिने दोन्ही रांगांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "सर, हे उलटं आहे. दिसलेलं सगळं बारीक आहे. न दिसलेलं सगळं मोठं आहे."

"मोठं आधी दिसायला हवं, नाही का?"

"हो ना! नाटक करायचं तर बारीक दिसत नाही म्हणायचं आणि मोठं दिसतं म्हणायचं. त्याच्या उलट कोण करेल?" ती उठली. बाई जिथे जिथे उभ्या होत्या तिथे जाऊन उभी राहिली. बादली तिच्या पायांशी आली. रेडिओ तिच्या खांद्याच्या बाजूला आला. टोपली गुडघ्याखाली. आणि पेन्सिल, मोबाईल, तारीख सगळं नाकासमोर. तिने मूठ पोकळ करून एका डोळ्याला लावली, दुसरा मिटला आणि माझ्याकडे वळली.

"सर, तुम्हाला पाय नाहीत."

"आणखी काय नाही?"

"हात नाहीत. नुसता चष्मा आहे." ती त्या मुठीतून बघत दोन पावलं चालली आणि बाकाला आपटली. "आई गं! बाईंना असं दिसतं?"

"तसं असावं. माहीत नाही."

मला हायसं वाटलं. तिला नाही वाटलं. ती गुडघा चोळत म्हणाली, "मग पहिल्या दिवशी 'मला दिसत नाही' का म्हणाल्या? म्हणजे खोटं बोलल्याच की. आणि सर, तुम्ही पण पट्टीच्या तासाला म्हणालात, आंधळं म्हणजे पूर्ण काळोख. माझ्या ताईलाही तुम्ही हेच सांगितलं होतं."

ताईलाच काय, बावीस वर्गांना मी तेच सांगितलं होतं. काळ्या पडद्याची पट्टी बांधून त्यांना पटवलं होतं की दिसणं आणि न दिसणं यांच्यामध्ये काहीच नसतं. मग काठी घेऊन आलेली बाई तारीख वाचते हे बघून त्यांनी दुसरं काय समजायचं?

गुरुवारी मी नव्या बाईंना शिक्षकांच्या खोलीत गाठलं. समोर जाऊन उभा राहिलो, अगदी नाकासमोर.

"बाई, एक विचारू?"

"विचारा. या शाळेत मला सोडून सगळ्यांना विचारून झालंय म्हणे."

"तुम्हाला मधलं दिसतं का? फक्त मधलं?"

त्यांनी हातातली काठी टेबलावर ठेवली. मग म्हणाल्या, "हात लांब करून वाटी धरा. त्या वाटीएवढं. त्यात सुई मावते, अक्षर मावतं, तुमचं नाक मावतं. कान बघायला मान वळवावी लागते. संध्याकाळ झाली की वाटीही जाते. दर वर्षी ती थोडी लहान होते."

"मग पहिल्या दिवशीच का नाही सांगितलं?"

"आधी एके ठिकाणी सांगितलं होतं. थोडं दिसतं म्हटलं. चौथ्या दिवशी मला जिन्यावर मुलांवर लक्ष ठेवायला उभं केलं. थोडं दिसतं ना, मग ठेवा लक्ष. एक मुलगी माझ्या शेजारून घसरून पडली. निम्मे म्हणाले, आंधळी बाई कशाला ठेवली? निम्मे म्हणाले, हिला दिसत होतं, हिने बघितलं नाही. दोन्ही एकाच तक्रारीत लिहिलं." त्या कोरडं हसल्या. "तेव्हापासून 'मला दिसत नाही' एवढंच म्हणते. लोकांना तेवढंच पचतं."

मी खुर्ची ओढून बसलो. उभं राहून ते बोलणं मला जमलं नसतं. "सोमवारी टोपली मी ठेवली होती."

त्यांनी मान हळूहळू वळवून माझा चेहरा शोधला. "तुम्ही?"

"हो."

"मला वाटलं, तो रेडिओ. सोमवारपासून त्या पोराला जवळ येऊ दिलं नाही मी. काल तो गृहपाठाची वही दाखवायला आला, तर म्हटलं, नंतर." त्यांचा आवाज चढला नाही. "सर, मुलांनी केलं असतं तर मी समजू शकले असते. तुम्ही किती वर्षं शिकवताय?"

मी आकडा सांगितला नाही.

"उद्या मोठ्या बाईंना काय सांगणार आहात?"

"खरं ते."

"टोपलीसकट?"

मी लगेच हो म्हणालो नाही हे मला लपवायचं नाही. त्यांनी तेवढी शांतता बरोबर मोजली. "टोपली वगळून सांगणार असाल, तर काहीच सांगू नका. मी आपली निघून जाईन. तुमच्या दयेवर राहायचं नाही मला."

शुक्रवारी मोठ्या बाईंच्या खोलीत आम्ही चौघं होतो, मोठ्या बाई, वकीलीणीची आई, नव्या बाई आणि मी. मी आधी टोपलीचं सांगितलं, मग वाटीचं. मोठ्या बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "सर, तुम्ही? त्यांना मुलांच्या देखत पाडलंत?"

"मुलांच्या देखत. त्यांनाही सांगावं लागेल."

वकीलीणीच्या आईला मात्र माझ्या टोपलीत रस नव्हता. "म्हणजे यांना दिसतं ना? मग काठी कशाला?"

"ताई," नव्या बाई म्हणाल्या, "तुमच्या पायाशी पिशवी आहे का?"

"आहे."

"मला माहीत नाही. मी विचारलं, कारण माहीत नाही. काठी त्या पिशवीसाठी आहे."

"असेल. पण आमच्या मुलांना तुम्ही खोटं सांगितलंत, त्याचं काय?"

"ते मी सांगितलं. त्याची माफी मी मुलांजवळ मागीन."

त्या आईने पिशवी उचलून मांडीवर घेतली. "माझं लक्ष राहील."

"ठेवा की. फक्त समोरून ठेवा, म्हणजे मलाही दिसेल."

मोठ्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी नव्या बाईंना विचारलं, वर्षभर राहाल का? बाई म्हणाल्या, राहीन, पण जिन्यावर उभी राहणार नाही आणि पट्टीचा तास बंद. मोठ्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मग लक्षात आलं की मान हलवलेली एका माणसाला दिसली नसेल, म्हणून तोंडाने म्हणालो, "बंद."

सोमवारचा तास बाईंनी घेतला. पहिली पाच मिनिटं माझी होती. टोपली कुणी ठेवली ते मी मुलांना सांगितलं. रेडिओचं तोंड उघडं राहिलं ते तसंच. ही बातमी सांगायला जायचं की नाही, तेही त्याला कळेना. बाईंनी त्याला पुढे बोलावलं, त्याच्यावर शंका घेतली होती हे सांगितलं, आणि मग वाटीविषयी सांगितलं.

वकीलीण उठली. "बाई, म्हणजे पहिल्या दिवशी तुम्ही खोटं बोललात."

"अर्धं."

"अर्धं खोटं म्हणजे खोटंच."

"हो," बाई म्हणाल्या. "खोटंच. चुकले."

शिक्षक असं म्हणतात हे त्या वर्गाने एकाच तासात दोनदा ऐकलं होतं. वकीलीण बसली, पण तिची वही उघडीच होती आणि त्यात ती काहीतरी लिहीत होती. तिचं समाधान झालंय असं तिच्या चेहऱ्यावरून मुळीच वाटत नव्हतं.

मग प्रश्न सुरू झाले. वाटीतून भात दिसतो का? रडलं तर वाटी पुसट होते का? वाटी पूर्ण गेली की मग काय? या शेवटच्या प्रश्नावर बाई म्हणाल्या, "त्याची तयारी मी आत्तापासून करतेय. बोटांनी वाचायला शिकतेय. अजून दुसरीच्या मुलाइतकंच येतं."

मी शेवटच्या बाकावर, गुडघे बाकात कसेबसे कोंबून बसलो होतो. मलाही विचारायचं होतं, बोटांनी वाचायला कोण शिकवतं, आणि म्हाताऱ्या माणसाला ते शिकता येईल का. मी हात वर केला. बाईंची नजर पुढच्या बाकांवरच होती. मी हात आणखी उंच केला.

शेजारची चिमुरडी माझ्या बाहीला धरून हळूच म्हणाली, "सर, हात काय वर करताय? त्यांना तिथून दिसत नाही. हाक मारा."

मी हात खाली घेतला, घसा साफ केला आणि हाक मारली, "बाई, मी विचारू?"